फादरांचं बिऱ्हाड

घर हलवायचं ठरलं की माणसं आधी कपाट उघडतात आणि तिथेच अडकतात. लग्नातली शाल सापडते, मुलाचं पहिलीतलं प्रगतिपुस्तक सापडतं आणि दुपार संपते. मी पाहणीला गेले की सरळ स्वयंपाकघरात जाते. बैठकीच्या खोलीत माणसं पाहुण्यांसाठी राहतात, स्वयंपाकघरात स्वतःसाठी. डबे, बरण्या, माळ्यावर चढवून ठेवलेली पातेली पाहिली की ट्रक केवढा लागेल ते मला कळतं. त्या घरात कोणाचं चालतं तेही बहुतेक वेळा कळतं.

बडोद्यात सामान बांधून हलवून देण्याचा धंदा मी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सुरू केला. वडिलांचा एक ट्रक होता आणि मला याद्या करायची सवय होती, एवढंच भांडवल. माझे पणजोबा संस्थानच्या पागेत होते. "पागेवाल्यांची लेक, आमची सून, आणि आता लोकांचे फ्रीज उचलते," असं माझे सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. त्यांना वाईट वाटायचं की अभिमान वाटायचा, ते मला शेवटपर्यंत उमगलं नाही.

दिवस मात्र चांगले होते. नवनव्या कंपन्या येत होत्या, जुन्या कारखान्यांतल्या साहेबांच्या बदल्या होत होत्या, आणि ज्यांची बदली होत नव्हती ते कर्ज काढून शहराच्या कडेला वासण्याला नवे फ्लॅट घेत होते. पूर्वी बदली झाली की शेजारीपाजारी येऊन गाद्या गुंडाळायचे. आता लोकांना काम करणारी माणसं हवी होती. मी लहरीपुऱ्यातून सुतळी, गोणपाट आणि जुन्या गोधड्या आणायची. हवेचे फुगे असलेलं प्लास्टिक पहिल्यांदा आलं तेव्हा माझी माणसं कामं सोडून ते फोडत बसली होती.

आमच्या धंद्यातली खरी कसोटी सामान नेण्यात नाही, लावण्यात आहे. ट्रकातून खोकी उतरवून निघून जाणारे पुष्कळ असतात. माझा नियम असा की मालक संध्याकाळी नव्या घरी आला पाहिजे आणि त्याला चहा करता आला पाहिजे. पलंग जोडलेले, अंथरुणं घातलेली, कपडे कपाटात, देव देव्हाऱ्यात, साबण मोरीत. माणूस दारात उभा राहून म्हणाला पाहिजे, अरे, हे तर आपलंच घर!

या नियमामुळेच एकदा जे झालं, ते लिहायचं म्हणून ही सगळी प्रस्तावना.

चर्चच्या लोकांशी माझा संबंध आला तो कमुरत्यामुळे. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतच्या दिवसांना इकडे कमुरता म्हणतात. त्या दिवसांत गुजराती माणूस लग्न करत नाही, दुकान उघडत नाही आणि घर तर मुळीच हलवत नाही. त्यांचं पाहून आम्ही मराठी लोकही घर हलवेनासे झालो. पहिल्या वर्षी माझा ट्रक दारात उभा आणि माणसं पत्ते खेळत बसलेली. मी कागद घेतला आणि कमुरता न पाळणारे कोण कोण, ते लिहून काढलं. पारशी, मुसलमान, लष्करातले, ख्रिस्ती. माझं ऑफिस फतेगंजात, आजूबाजूला दोन-तीन चर्चेस. मी सगळीकडे जाऊन आले.

त्यातूनच मला एक गोष्ट समजली, जी बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. ख्रिस्ती धर्मगुरू सगळे एकसारखे नसतात. कॅथलिकांचे फादर लग्न करत नाहीत, तशी शपथच घेतात. दुसऱ्या चर्चेसमध्ये पाळक असतात, ते लग्न करतात, त्यांना मुलंबाळं असतात. बदली मात्र दोघांचीही होते. माझ्या भाषेत सांगायचं तर पाळकाला ट्रक लागतो, फादरला टेम्पोसुद्धा मोठा पडतो.

रस्त्याच्या अलीकडे पाळकसाहेब राहायचे, पलीकडे फादरांचा बंगला. पाळकसाहेबांच्या बायको रूथबेन. त्यांचं घर म्हणजे सामानाचा समुद्र. शिवणयंत्र, तीन मुलांच्या सायकली, लोणच्याच्या बरण्या, शिवाय कुंडीतला कढीपत्ता, जो कुंडी फोडून जमिनीत शिरला होता. त्यांची बदली नडियादला झाली तेव्हा रूथबेननी सगळा राग त्या झाडावर काढला.

"हे झाड नाही आलं तर मी पण नाही येत," त्या पाळकसाहेबांना म्हणाल्या. "तुमच्याशी लग्न केलं म्हणजे काय, दर थोड्या वर्षांनी माझी मुळं उपटायची?"

पाळकसाहेब बिचारे हातात खुरपं घेऊन उभे.

त्या वेळी पलीकडचे फादर जेरोम मदतीला आले होते. फादर मूळचे वसईचे, त्यामुळे मराठी घरचीच. बडोद्यात मराठी बोलायला कोणी मिळालं की त्यांना बरं वाटायचं. माझ्या ऑफिसात ते चहाला येत, शाळेचे बाक हलवायचे असले की येत, नसले तरी येत. चाळिशीचे, उंच, खांद्यात जरा वाकलेले. हसायचे तेव्हा आधी आजूबाजूला बघून घ्यायचे.

रूथबेन त्यांना म्हणाल्या, "फादर, तमे सुखी छो. तुमच्या बदलीला कोण रडत नाही."

"बरोबर आहे," फादर म्हणाले. "कोणीच रडत नाही."

पाळकसाहेबांनी खुरपं खाली ठेवलं. "फादर, तुम्ही लग्नाची परवानगी मागायला वर पत्र पाठवा हवं तर. प्रभूच्या पहिल्या शिष्यालाच सासू होती. सासू होती म्हणजे बायको असणारच ना?"

"सासू होती म्हणूनच तो मासेमारी सोडून प्रभूच्या मागे गेला असेल," फादर म्हणाले, आणि रूथबेन इतक्या हसल्या की झाडाचं भांडण तिथेच मिटलं. आम्ही ते झाड गोणपाटात बांधून नेलं. नडियादला जगलं नाही.

मी त्या दिवसांत या प्रश्नाचा बराच विचार करायची. माझा धर्म नाही, माझा प्रश्न नाही, पण दोन्हीकडची घरं मीच बांधायची. एका बाजूला रूथबेन, ज्यांनी स्वतः कोणतीही शपथ न घेता नवऱ्याच्या शपथेबरोबर गावं बदलली. दुसऱ्या बाजूला एक म्हातारे फादर, ज्यांना मी निवृत्त धर्मगुरूंच्या आश्रमात पोचवलं होतं. त्यांचं सगळं सामान रिक्षाच्या मागच्या सीटवर मावलं. उतरताना त्यांनी मला विचारलं, "बाई, माझं काही राहिलं का?" मी म्हटलं, नाही फादर, सगळं आलं. ते म्हणाले, "मग एवढंच होतं तर." तक्रार नव्हती त्यात, नुसती चौकशी. पण मी घरी गेल्यावर नवऱ्याला कारण नसताना शिरा करून घातला.

माझं मत असं झालं की ज्याला एकटं राहायचंय त्याने राहावं, ज्याला नाही त्याने लग्न करावं, आणि काम दोघांनाही करू द्यावं. सोपं आहे. फादरना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वंदनाताई, तुम्ही आमच्या बिशपच्या जागी असायला हव्या होतात. सगळं एका यादीत बसवलं असतंत."

"चेष्टा करू नका."

"चेष्टा नाही. केरळातल्या जुन्या सिरियन चर्चमध्ये लग्न झालेले धर्मगुरू आहेत. वेदीपाशी उभे राहतात आणि मग घरी जाऊन मुलांचा अभ्यास घेतात. म्हणजे न जमण्यासारखं काही नाही त्यात. फक्त आमच्याकडे नाही."

ते नुसत्या वादासाठी बोलत नव्हते, हे मला ठाऊक होतं. लीनाचं सगळ्या फतेगंजाला ठाऊक नव्हतं, पण मला होतं.

लीना शाळेत भूगोल शिकवायची. तीही वसईकडची, सदतीस-अडतीसची, आई मार्थामावशींना घेऊन फतेगंजातल्या एका जुन्या घराच्या माडीवर भाड्याने राहायची. मावशींच्या डोळ्यांत मोतीबिंदू, जिभेत मात्र काही बिघाड नाही. फादर दर आठवड्याला त्यांना प्रसाद द्यायला जात, कारण त्यांना चर्चच्या पायऱ्या चढवत नसत. त्यातून दोघांची ओळख वाढली. गैर काहीच नव्हतं. असतं तर बहुतेक सोपं गेलं असतं. फादर मावशींशी वसईच्या बोलीत बोलत, लीना चहा करी, ते पिऊन जात. एवढंच वर्षानुवर्षं.

मग एका मेमध्ये दोन गोष्टी एकदम झाल्या. लीनाच्या घरमालकाने ते घर विकायला काढलं आणि तिने वासण्याला फ्लॅट घेतला. आणि फादरांची बदली झाली, दाहोदच्या पलीकडे, आदिवासी गावांमधल्या एका केंद्रावर.

फादर माझ्या ऑफिसात आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "तिथे गेलो की सगळं ठरल्यासारखंच आहे."

"आणि नाही गेलात तर?"

"तर बिशपना सांगायचं, मला मोकळं करा. ते वाईट नाहीत. म्हणालेत, जायच्या दिवसापर्यंत विचार कर." ते खाली बसले. "मोकळं केलं की लग्न करता येईल. पण मिस्सा म्हणता येणार नाही, वेदीपाशी उभं राहता येणार नाही. कधीच नाही. लोक माझ्याकडे पापांच्या कबुलीला येणार नाहीत, मरणाच्या वेळी मला बोलावणार नाहीत. विसाव्या वर्षापासून मला दुसरं काही करायचं नव्हतं. अजून नाहीये. मला ते पण हवंय, वंदनाताई. इकडे राहणाऱ्या पाळकसाहेबांना दोन्ही मिळालं. मधे फक्त रस्ता होता."

"लीनाला विचारलंत?"

"काय विचारू? अजून मी फादर आहे. फादर असताना विचारायचं म्हणजे शपथ मोडायची. शपथ सोडून विचारायचं, तर ती नाही म्हणाली तर?" ते हसले, या वेळी आजूबाजूला न बघता. "बघा तुमच्या यादीत कुठे बसतंय का."

मला बसवता आलं नाही. मी मला जमण्यासारखं काम हातात घेतलं. दोन्ही सामानं एकाच वस्तीतली. लीनाचं पूर्ण घर, फादरांच्या दोन पेट्या, पुस्तकं, वळकटी आणि एक वेताची खुर्ची. मी ठरवलं, एकाच ट्रकात दोन्ही घ्यायची. लीनाचं वासण्याला उतरवायचं, फादरांचं ट्रकातच ठेवायचं आणि सकाळी तोच ट्रक दाहोदला पाठवायचा. आमच्या धंद्यात असं जोडसामान नेहमीच नेतात.

त्या दिवशी माझा नेहमीचा मुकादम दुसऱ्या कामावर होता. या ट्रकावर कनुभाई नावाचा नवा, हुशार माणूस दिला. त्याला घाईघाईत सगळं सांगितलं आणि मी एका बँकेचं ऑफिस हलवायला गेले.

पुढचं मला कनुभाईने नंतर सांगितलं. सकाळी ते लीनाच्या माडीवर पोचले तेव्हा तिथे एक उंच गृहस्थ साध्या शर्ट-पँटमध्ये, बाह्या दुमडून, भांडी कागदात गुंडाळत होते. "हे आईंचं टेबल, खिडकीपाशी लागेल." "हा डबा उलटा करू नका, रवा आहे." अशा सूचना तेच देत होते. माडी रिकामी झाल्यावर तेच गृहस्थ ट्रकातून पुढच्या बंगल्याकडे आले आणि तिथल्या दोन पेट्या, पुस्तकं, वळकटी, खुर्ची त्यांनीच काढून दिली. आता कोणताही शहाणा माणूस काय समजेल? मी सांगितलेलं दुसरं सामान म्हणजे साहेबांचं ऑफिसचं सामान, दोन जागांहून गोळा करून एका घरी लावायचं. "बेन, बन्ने जग्याए साहेब तो एक ज हता ने!" दोन्हीकडे साहेब एकच होते, मग चूक कुठे झाली, असं त्याचं म्हणणं.

शिवाय मीच शिकवलेला नियम. मालकाने दारात उभं राहून म्हटलं पाहिजे, हे तर आपलंच घर.

संध्याकाळी मी वासण्याला पोचले तेव्हा लीना आणि मावशी नुकत्याच रिक्षातून उतरत होत्या. फादरांसाठी चर्चच्या अंगणात निरोपाचं चहापान होतं, तिथून त्या आल्या होत्या. मागोमाग स्कूटरवर फादर आले, पांढऱ्या झग्यात, हातात पवित्र पाण्याची छोटी बाटली. नव्या घराला धर्मगुरूने आशीर्वाद द्यायचा असतो, खोलीखोलीत पाणी शिंपडून. लीनाने त्यांना ते आधीच सांगून ठेवलं होतं. जाण्यापूर्वीचं त्यांचं फतेगंजाच्या लोकांसाठी शेवटचं काम.

दार कनुभाईने उघडलं. त्याने मला नमस्कार केला, लीनाला "आवो भाभी" म्हटलं, आणि मग त्याची नजर झग्यावर गेली. त्याचं तोंड उघडंच राहिलं. साहेब फादर आहेत हे त्याला त्या क्षणी कळलं. भाभींचं काय, ते त्याला अजून कळत नव्हतं.

आम्ही आत गेलो.

एवढ्या वर्षांत माझ्या माणसांनी इतकं चांगलं घर कधी लावलं नव्हतं. भिंतीतल्या फळ्यांवर लीनाचे नकाशांचे जाड ग्रंथ आणि त्यांच्यालगत फादरांची पुस्तकं, उंचीप्रमाणे, मिसळून. खिडकीपाशी मावशींचं टेबल आणि त्याच्या समोर वेताची खुर्ची, जणू रोज संध्याकाळी तिथे कोणी बसून मावशींना पेपर वाचून दाखवत असावं. दाराशी लीनाच्या चपला आणि त्यांच्या शेजारी फादरांचे जुने सॅंडल. बेसिनवर दाढीचा ब्रश आणि तिचा कंगवा, एकाच पेल्यात. आतल्या खोलीत कपाट अर्धवट उघडं होतं. साड्यांच्या शेजारी इस्त्रीचा दुसरा पांढरा झगा टांगलेला. पलंगावर चादर ताणून घातलेली, आणि तिच्यावर शेजारी शेजारी दोन उशा.

लीनाने पुढे होऊन त्या खोलीचं दार ओढून घेतलं.

शेवटी मी म्हटलं, "चूक झाली आहे. आत्ता काढून घेते. कनुभाई, चलो."

"थांबा," फादर म्हणाले.

"काय झालं?" मार्थामावशींनी विचारलं. त्यांना दिसलं नव्हतं. त्या हातांनी चाचपडत पुढे गेल्या आणि वेताच्या खुर्चीवर बसल्या. "ही खुर्ची कोणाची? छान आहे. आधी नव्हती आपल्याकडे."

"फादरांची आहे, आई."

"मग फादर कशावर बसणार? फादर, आशीर्वाद देताय ना? देऊन टाका. मग चहा घ्या. साखर सापडतेय का बघ गं, लीना."

मला वाटलं, फादर नाही म्हणतील, निदान सामान काढेपर्यंत थांबतील. पण त्यांनी बाटली उघडली आणि प्रार्थना सुरू केली. या घरात जे राहतील त्यांना शांती लाभो, जे इथे जेवतील त्यांना पोटभर मिळो, अशा अर्थाची. दर वेळी म्हणत असतील ती. त्या दिवशी मात्र ते थांबत थांबत म्हणत होते, एकेक शब्द तपासून घेतल्यासारखे. त्यांनी पुस्तकांवर पाणी शिंपडलं, खिडकीवर, टेबलावर. स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यावर शिंपडलं, तिथे कनुभाईच्या माणसांनी चहाचं भांडं काढून ठेवलेलं होतं. दाराशी आले तेव्हा चपलांच्या त्या दोन जोड्यांकडे त्यांनी नुसतं बघितलं.

मग ते बंद दारासमोर उभे राहिले.

"एक खोली राहिली का?" मावशी म्हणाल्या. त्यांचे कान तिखट. "ती का सोडताय? उघड गं."

लीनाने दार उघडलं. फादर उंबऱ्यावरच थांबले. आत पाऊल टाकलं नाही. हात लांब करून त्यांनी पाणी शिंपडलं, आणि मला अजून डोळ्यांसमोर दिसतं, ते थेंब पलंगापर्यंत पोचले नाहीत, अलीकडेच फरशीवर पडले. लीनाने दार तसंच उघडं ठेवलं.

चहा मी केला. नव्या फ्लॅटचं स्वयंपाकघर ते केवढं, बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. मी भांड्यांचा आवाज करत राहिले, पण पुरेसा झाला नाही.

फादर म्हणाले, "तुम्हाला राग आला?"

"नाही," लीना म्हणाली. "छान लावलंय त्यांनी. मी असंच लावलं असतं."

मी साखरेचा डबा शोधून काढला.

"लीना…" फादर म्हणाले. त्यांनी तिला नावाने हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली. नेहमी टीचर म्हणायचे.

"मी एक विचारू?" तिने त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. "रविवारी सकाळी तुम्ही कुठे बसाल?"

"म्हणजे?"

"चर्चमध्ये. माझ्या शेजारी, बाकावर? समोर दुसरे कोणी फादर उभे असतील. ते कटोरा वर उचलतील आणि तुम्ही बघाल. मी तुमच्याकडे बघेन. आधी काही दिवस बरं वाटेल. मग मला कळेल तुम्ही बघताय कसे ते." तिचा आवाज वर्गात शिकवताना असतो तसा होता, सरळ. "आईला दिसत नाही, पण तुम्ही जिन्यात आलात की ती केस नीट करते. का, तर फादर आले. मी पण त्याच फादरांसाठी चहा केला इतकी वर्षं. ते तुमच्यातून काढून ठेवून उरलेले तुम्ही मला द्याल. मला तुम्ही सगळे हवे होतात. तसे कोणी देत नाही."

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा ते मावशींच्या टेबलाच्या कडेला टेकून उभे होते आणि मावशी त्यांना विचारत होत्या, दाहोदकडे बोंबील मिळतात का? सुके तरी?

"मिळत नसतील, मावशी."

"मग लीना पाठवेल."

चहा पिऊन झाल्यावर फादरांनीच कनुभाईला हाक मारली. "भाई, खोकां लई आवो." खोकी आली. माझा नियम आहे की गिऱ्हाइकाने बांधाबांधीत हात घालायचा नाही, वस्तू हरवतात. त्या दिवशी मी तो बाजूला ठेवला. लीना फळीवरून एकेक पुस्तक काढून देत होती, फादर ते खोक्यात ठेवत होते. कुठलं कोणाचं, हे दोघांनाही बघावं लागत नव्हतं. कनुभाईने पेल्यातून ब्रश काढला, दाराशी जाऊन सॅंडल उचलले. कपाटातला झगा मी स्वतः काढला. वेताच्या खुर्चीवरून मावशींना उठवायचं कोणाला सुचेना, तेव्हा त्या आपण होऊनच उठल्या.

"न्या," त्या म्हणाल्या. "तिकडे कोणी म्हातारं येईल, त्याला बसायला होईल."

फळ्या अर्ध्या झाल्या. भिंत एकदम मोठी दिसायला लागली.

फादर सकाळी ट्रकातूनच गेले, ड्रायव्हरशेजारी बसून. मी त्यांना बसची सोय करते म्हटलं होतं. "नको," ते म्हणाले, "सामानाबरोबर जातो. कोणीतरी बरोबर असावं सामानाच्या."

त्यानंतर ते बडोद्याला क्वचित यायचे. माझ्या ऑफिसात येऊन तिकडच्या विहिरी, शाळा, मुलं यांच्याबद्दल भरभरून बोलायचे. त्यांचं काम तिथे चांगलं चाललं, लोकांचा जीव जडला. ते गेले ते चुकलं, असं मी म्हणणार नाही. त्यांना यातलं एक निवडायला लावलं, ते चुकलं, असं मात्र मी तेव्हाही म्हणत होते आणि आता धंदा मुलीच्या हाती देऊन घरी बसले तरी म्हणते. बिशपच्या जागी मला कोणी बसवणार नाही, त्यामुळे माझ्या म्हणण्याने काही होत नाही.

लीना अजून वासण्यालाच राहते. मावशी गेल्या. ती शाळेतून निवृत्त झाली आहे. अधूनमधून दुपारी तिच्याकडे जाते, ती चहा करते, आम्ही शेवउसळ मागवतो आणि जगातल्या सगळ्यांना नावं ठेवतो. मागच्या वेळी मी तिला इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं. म्हटलं, तुमच्यात फादरांना लग्नाची परवानगी असती तर?

ती खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, आता काही मोठं बोलेल, किंवा बोलणारच नाही.

"त्यांनी मला कधी विचारलंच नाही हो, वंदनाताई," ती म्हणाली. "विचारायची सोयच नव्हती त्यांना. न विचारलेल्या प्रश्नाला मी उत्तर देऊन मोकळी झाले." मग ती थोडी हसली. "परवानगी असती तर त्यांनी विचारलं असतं. आणि मी लगेच हो म्हटलं नसतं. जरा भाव खाल्ला असता. आईला विचारून सांगते, म्हटलं असतं. ते जिना उतरून गेले असते, मी वरून बघितलं असतं. आणि दुसऱ्या दिवशी, आईला न विचारताच, हो म्हणाले असते."